शिवनसमुद्रचं जुनं वीजघर: धबधबा सगळेच पाहतात, तुम्ही पाइप पाहा

कर्नाटकात शिवनसमुद्रला जाणारे बहुतेक लोक धबधबा पाहतात, फोटो काढतात, भुट्टा खातात आणि परत गाडीत बसतात. त्याच दरीच्या तळाशी १९०२ पासून चालणारं वीजघर आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यातल्या एका गावचा. ३३/११ केव्हीच्या, म्हणजे ३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर उतरवणाऱ्या उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून नोकरी काढली, आता रिटायर आहे. त्यामुळं माझा अभिप्राय एकतर्फी वाटला तर वाटू द्या. मी वीजघरासाठी गेलो होतो. धबधबा वाटेत लागला.

गावातली काही जोडपी मिळून निघालो. बल्लारशाहून संघमित्रा एक्स्प्रेसनं बेंगळुरू आणि तिथून टेम्पो ट्रॅव्हलर. शिवनसमुद्र बेंगळुरूहून साधारण १३० किलोमीटर, म्हैसूरहून ८० च्या आसपास. सहल एका टूरवाल्याकडून ठरवली होती. गाडी, मुक्काम, नाश्ता याबद्दल माझी तक्रार नाही, पैशाच्या मानानं ठीकच. पण त्याच्या छापील कागदावर ‘शिवनसमुद्र धबधबा, एक तास’ एवढंच होतं. मी वीजघराचं नाव काढलं तर सोबतचा पोरगा म्हणतो, ‘काकाजी, तिथं काय आहे? मशीनच तर आहे.’ मशीन आहे म्हणूनच तर पाहायचं, बाबू.

आधी जागा समजून घ्या. कावेरी इथं दोन फाट्यांत वाटली जाते, मधे बेट होतं, आणि दोन्ही फाटे कड्यावरून दरीत कोसळतात. एका बाजूला गगनचुक्की, दुसऱ्या बाजूला भरचुक्की. गगनचुक्की समोरच्या काठावरून, कठड्याआडून पाहायचा. भरचुक्कीला पायऱ्या उतरून खाली जाता येतं. पाणी बेताचं असलं की तिथं गोल टोपल्यासारख्या होड्या चालतात. आमच्या मंडळींना भरचुक्की जास्त आवडला, कारण तिथं पाण्याला हात लागतो. मला गगनचुक्की, कारण वीजघराची बाजू तीच.

धबधब्याच्या वरच्या अंगाला नदीचं पाणी कालव्यात वळवलेलं आहे. कालवा कड्याच्या काठापर्यंत येतो. तिथून पाणी लोखंडी पाइपांत, म्हणजे पेनस्टॉकमध्ये शिरतं आणि सुमारे ४०० फूट खाली दरीच्या तळाशी टर्बाइनवर आदळतं. आपल्या विहिरीवरच्या पंपाचा हा उलटा खेळ समजा. आपण वीज खर्चून पाणी वर चढवतो, इथं पाणी खाली उतरून वीज देऊन जातं. हिशेब कुणालाही करता येतो. सेकंदाला एक हजार लिटर पाणी १२० मीटर खाली सोडलं, तर घर्षण आणि यंत्राचं नुकसान वजा जाता साधारण १००० किलोवॉट हाती येतात. आज या केंद्राची क्षमता ४२ मेगावॉट आहे: ३ मेगावॉटचे सहा संच आणि ६ मेगावॉटचे चार. म्हणजे अकरा हजारांवर पाच एचपीचे पंप एकाच वेळी चालतील. आणि पाणी कुठं जात नाही. काम करून खाली परत कावेरीतच मिळतं.

म्हणून धबधबा बारीक दिसला तर नाराज होऊ नका. उन्हाळ्यात पाणी पाइपांतून जातं, कड्यावर उरतं ते थोडं. आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी ‘एवढ्यासाठी इतक्या दूर आणलं का जी’ असा सूर लावला होता. मी त्यांना पाणी कुठं गेलं ते दाखवलं. पटलं नाही.

आता यातली मुख्य गोष्ट. ती तिथल्या गर्दीत कुणीच कुणाला सांगत नव्हतं.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी म्हैसूर संस्थानात कोलारच्या सोन्याच्या खाणी जोरात होत्या. खाणी चालवणारी कंपनी इंग्रजांची, जॉन टेलर अँड सन्स. खाण खोल जात होती आणि पाणी उपसायला, माल वर ओढायला वाफेची यंत्रं लागत होती. त्यांच्यासाठी लाकूड आणि कोळसा आणणं महाग पडत होतं. संस्थानच्या सेवेतला जोली द लोटबिनिएर नावाचा लष्करी इंजिनिअर होता. त्यानं कावेरीच्या धबधब्यावर वीज करायची आणि ती तारेनं कोलारला न्यायची अशी योजना मांडली. दिवाण शेषाद्री अय्यर तिच्यामागं उभे राहिले. लोटबिनिएर युरोप-अमेरिकेत जाऊन यंत्रांची चौकशी करून आला. टर्बाइन स्वित्झर्लंडच्या एशर विसचे आले, जनरेटर अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे. सुरुवातीला ७२० किलोवॉटचे सहा संच बसले. १९०२ च्या जून अखेरीस वीज कोलारला पोचली. दिवाण त्याआधीच, १९०१ च्या सप्टेंबरात वारले होते. आज वीजघराला त्यांचंच नाव आहे.

लाईनची लांबी १४७ किलोमीटर. व्होल्टेज तीस-पस्तीस हजारांच्या घरातलं.

हे वाचून सोडून देऊ नका. मी आयुष्यभर ३३ हजारांच्या लाईनखाली बसून लॉगशीट भरली. आमच्याकडं ३३ केव्हीची लाईन तीसेक किलोमीटर लांब गेली की टोकाचा ऑपरेटर व्होल्टेज मिळत नाही म्हणून बोंबलतो. वादळात एखादा इन्सुलेटर फुटला तर अर्धी रात्र पेट्रोलिंग करण्यात जाते, आणि तेही हातात मोबाइल, खाली जीप असताना. या लोकांनी १९०२ साली माळरान, जंगल, नद्या ओलांडत जवळजवळ त्याच व्होल्टेजवर १४७ किलोमीटर मजल मारली. एक गोष्ट त्यांच्या बाजूनं होती: वीज २५ सायकलची, म्हणजे सेकंदाला २५ आवर्तनांची होती, आपल्यासारखी ५० ची नव्हे. सायकल कमी तर लांब लाईनमधली व्होल्टेजची घट कमी. दिवे मात्र डोळ्यांना जाणवेल इतके थरथरत असणार. खाणीतल्या मोटारींना त्याचं काय?

हे सगळं मी मंडळींना गगनचुक्कीच्या कठड्याशी उभा राहून सांगत होतो. माझ्याबरोबर आमच्या गावचा एक कापूसवाला होता, माझ्याहून वयानं लहान, मला भाऊ म्हणतो. त्यानं सगळं ऐकून एकच विचारलं, ‘मंग भाऊ, ते तार ज्या गावावरून गेली, त्यायले लाईट भेटली का?’

नाही भेटली. निदान तेव्हा नाही. पहिलं गिऱ्हाईक खाण होती. बेंगळुरूच्या रस्त्यावर विजेचे दिवे लागले ते ५ ऑगस्ट १९०५ ला, म्हणजे सोन्याच्या खाणीनंतर तीन वर्षांनी. ज्यांच्या शेतात खांब रोवले त्यांची पाळी बरीच उशिरा आली.

‘म्हंजे आपल्यासारखंच हाय म्हना,’ तो म्हणाला. ‘कोळसा आपला, धूर आपला अन् लाईट मुंबईले.’

चंद्रपूर जिल्ह्यात हे वाक्य चहाच्या टपरीवर रोज ऐकू येतं. मी नोकरीत असताना त्यावर वाद घालायचो. महाऔष्णिक केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॉट आहे. १९९९ च्या सुमाराला तिथून थेट मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाच्या डीसी विजेची लाईन गेली: ७५२ किलोमीटर, १५०० मेगावॉट वाहून नेणारी, मधे कुठंही न उतरणारी. तिच्या खालून जाणाऱ्या शेतकऱ्याला ती नुसती दिसते. ऑपरेटर म्हणून मला हेही ठाऊक आहे की ग्रिडमध्ये, म्हणजे सगळी वीजघरं जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यात, एकदा वीज शिरली की ही चंद्रपूरची, ही कोयनेची असं वेगळं काढता येत नाही. १९०२ च्या लाईनचं तसं नव्हतं. तिथं ग्रिडच नव्हती. एक वीजघर, एक तार, एक गिऱ्हाईक. त्यामुळं शिवनसमुद्रला जे उघड्या डोळ्यांनी दिसत होतं, ते आपल्याकडं हिशेबाच्या कागदात दडलंय एवढाच फरक. हरभऱ्याला पाणी द्यायला थ्री फेज रात्रीची मिळते, धुऱ्यावर रानडुक्कर आणि त्यामागं वाघ, आणि माणूस बॅटरी घेऊन बांधावर उभा. त्याला ग्रिडची थिअरी सांगायला मी आता जात नाही.

तर वीजघर. वरच्या बाजूला कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत आहे, लोक तिला ब्लफ म्हणतात. मोठाली झाडं आणि साहेबी थाटाची घरं. एखाद्या जुन्या वसाहतीत जसा निवांतपणा असतो तसा तिथं आहे, धबधब्यावरच्या कलकलाटाचा मागमूस नाही. खाली उतरायला कड्यावरून रुळावर चालणारी ट्रॉली आहे. वर दोराला बांधलेली, तिरप्या उतारावरून माणसं आणि सामान नेणारी. या ट्रॉलीबद्दल मी कितीतरी वर्षं ऐकत होतो. पण बाहेरच्या माणसाला आधी परवानगी काढल्याशिवाय आत सोडत नाहीत. चालू वीजघर आहे, आणि तो नियम असायलाच पाहिजे. आमच्या उपकेंद्रातही मी कुणाला यार्डात पाय ठेवू दिला नसता.

फाटकावरचा माणूस चांगला होता. हिंदी मोडकी त्याची, मोडकी माझी. मी ३३ केव्हीचा ऑपरेटर होतो म्हणालो तर खुर्ची दिली. आत मात्र सोडलं नाही. कड्यावरून उतरत गेलेले पाइप जेवढे दिसले तेवढे पाहून घेतले. एका माणसाला आत उभं राहता येईल असे जाड, दगडात धरून बसवलेले. सव्वाशे वर्षांमागं हे सामान असल्या कड्यावर क्रेनशिवाय कसं चढवलं-उतरवलं असेल, यावर मी आणि तो फाटकवाला बराच वेळ हातवारे करत बोललो. बायको सावलीत बसून होती. ‘पाइप पाहून झाले असन तर चला आता,’ म्हणाली. झाले नव्हते.

ज्यांना तांत्रिक गोष्टीत रस नाही त्यांच्यासाठीही इथं एक धागा आहे, आणि तो विश्वेश्वरय्यांशी जाऊन मिळतो. पुण्यात शिकलेला, खडकवासल्याला स्वयंचलित दारं बसवणारा हा इंजिनिअर १९०९ मध्ये म्हैसूरचा मुख्य अभियंता झाला. शिवनसमुद्रची अडचण अशी होती की पावसाळ्यात पाणी उदंड आणि उन्हाळ्यात नदी रोडावलेली. खाणीला मात्र बारमाही वीज पाहिजे. वर कुठंतरी पाणी साठवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. १९११ मध्ये कृष्णराजसागर धरणाचं काम सुरू झालं, त्यामागच्या कारणांत हे वीजघरही होतं. टूरवाले म्हैसूरला वृंदावन गार्डनचे रंगीत कारंजे दाखवतात ना, ते याच धरणाच्या पायथ्याशी. कारंजे पाहताना हे आठवलं तर त्या बागेतली संध्याकाळ थोडी सुसह्य होते. एरवी तिथं नुसती ढकलाढकली.

आणि खाण? कोलारची खाण तीन किलोमीटरांहून खोल गेली, सोनं काढणं परवडेनासं झालं आणि २००१ मध्ये ती बंद पडली. जिच्यासाठी वीजघर बांधलं ती गेली, वीजघर चालू आहे. मला तर हाच या जागेचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. संग्रहालयात ठेवलेलं मेलेलं यंत्र नव्हे, अजून ड्युटीवर असलेलं.

यात कमी काय पडतं तेही सांगतो. धबधब्यावर मला या इतिहासाचा एकही धड फलक दिसला नाही. धोक्याच्या पाट्या आहेत, आणि त्या पाळाच. भरचुक्कीच्या खडकांवर शेवाळ असतं आणि पाणी अचानक वाढतं. पण वीजघराबद्दल मराठी-हिंदी सोडा, मला वाचता येईल असं काहीच नव्हतं. एखादी खोली, जुने फोटो, एक निवृत्त टर्बाइनचं चाक बाहेर ठेवलं असतं तरी पोरं थांबली असती. त्याऐवजी ऐकीव माहिती चालते. आमचा ड्रायव्हर छातीठोकपणे ‘एशिया का पहला’ म्हणाला. ते खरं नाही. दार्जिलिंगजवळचं सिद्रापोंगचं छोटं जलविद्युत केंद्र १८९७ चं, भारतातच पाच वर्षं आधीचं. पण ते होतं १३० किलोवॉटचं, गावापुरतं. इतक्या मोठ्या प्रमाणावर वीज करून इतक्या लांब पाठवण्याचा मान शिवनसमुद्रलाच द्यावा लागतो. आपल्या टाटांचं खोपोली १९१५ चं, म्हणजे त्यानंतर तेरा वर्षांनी.

कुणी म्हणेल, वीजघरच पाहायचं तर आपल्या विदर्भात तोतलाडोह काय वाईट? ८० मेगावॉटचे दोन संच, शिवनसमुद्रच्या जवळजवळ चौपट. वाईट अजिबात नाही. पण ते पेंचच्या जंगलात आणि मध्य प्रदेशच्या सीमेवर. विजेचा दोन तृतीयांश वाटा त्यांचा, एक तृतीयांश आपला. तिथंही तुम्ही-आम्ही सहज जाऊ शकत नाही. शिवाय ते ऐंशीच्या दशकातलं. त्याला अजून इतिहास व्हायला वेळ आहे.

खाण्याचं एका ओळीत सांगता येणार नाही, कारण आमच्या मंडळींचा अर्धा वेळ त्यातच गेला. धबधब्यापाशी चांगलं जेवण अपेक्षू नका. कणसं, कैरी, काकडी, चहा. जेवायला मळवळ्ळी किंवा मद्दूरच्या बाजूला या. केळीच्या पानावर भात, सांबार, पल्या म्हणजे सुकी भाजी आणि कुठंकुठं नाचणीचा मुद्दा, म्हणजे गोळा. तो चावायचा नसतो, सांबारात बुडवून गिळायचा. आमच्यातल्या एकानं तो ज्वारीच्या भाकरीसारखा चावत बसून वैताग करून घेतला. पोळीची आशा सोडा. घरून दशम्या, तिळाची चटणी आणि ठेचा न्याल तर दुसऱ्या दिवशीपर्यंत राजासारखे राहाल. मद्दूर वडा मात्र चुकवू नका. रवा, मैदा, तांदळाचं पीठ आणि भरपूर कांदा घातलेला, चपटा, कडक. आपल्या डाळवड्याच्या नादात त्याला नाव ठेवू नका, गाडीत दोन दिवस टिकतो.

माकडांपासून पिशव्या सांभाळा. रविवारी जाऊच नका, बेंगळुरूची सगळी पोरं मोटारसायकली घेऊन तिथंच असतात.

गुण द्यायचे तर धबधब्याला पाचपैकी चार, तेही पावसाळ्यात. वीजघराला पाच, पण ते न पाहता दिलेले, म्हणून त्यातला एक कापून घ्या. माहिती देण्याच्या सोयीला एक. आमच्या टूरवाल्याला तीन, कारण शेवटी त्यानं ड्रायव्हरला ब्लफकडं गाडी वळवायला सांगितलं, थोडं कुरकुरत का होईना.

जायचं तर जुलै ते सप्टेंबर. कावेरीच्या वरच्या खोऱ्यात, कोडगूत पाऊस चांगला झाल्याची बातमी पाहून निघा. आत जायची इच्छा असेल तर वीजघर चालवणाऱ्यांकडं आधीच लेखी परवानगी मागा. कॉलेज किंवा आयटीआयच्या ग्रुपनं पत्र दिलं तर जास्त जमण्यासारखं आहे. वरोरा-चंद्रपूरकडच्या आयटीआयच्या मास्तरांनी इलेक्ट्रिशियन ट्रेडची पोरं एकदा न्यावीच. गुडघे दुखणाऱ्यांनी भरचुक्कीच्या पायऱ्या टाळाव्यात, उतरताना कळत नाही, चढताना कळतं. सोमनाथपूरचं केशव मंदिर त्याच भागात आहे, तेराव्या शतकातलं, ते जोडून घ्या. आणि टूरवाल्याच्या कागदावर ‘एक तास’ खोडून ‘अर्धा दिवस’ लिहून घेतल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स देऊ नका.